तिरके अक्षर : त्याचे वळण आणि त्याचे काम

प्रस्तावना

संगणकावर मराठी मजकूर टंकलिखित करताना पडद्याच्या वरच्या पट्टीत तीन लहान चिन्हे शेजारी शेजारी दिसतात. पहिले दाबले की अक्षर ठळक होते, दुसरे दाबले की ते उजवीकडे झुकते आणि तिसरे दाबले की शब्दाखाली रेघ येते. ठळक अक्षर आणि अधोरेखन यांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. जाड अक्षर आणि खालची रेघ पाहणाऱ्याच्या नजरेत आपोआप भरतात. झुकलेल्या अक्षराचे मात्र तसे नाही. ते काही सांगते आहे हे वाचकाला जाणवते, पण नेमके काय सांगते आहे हे कळण्यासाठी एखादा संकेत आधी रुजलेला असावा लागतो. इंग्रजी वाचकाच्या मनात तो शतकानुशतके रुजलेला आहे. मराठी वाचकाच्या मनात तो आहे काय, आणि नसेल तर मराठीत तिरके अक्षर कशासाठी वापरावे, हा या घटकाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ मुद्रकाचा नाही. आपण लिहिणार असलेल्या प्रकल्प-अहवालात ग्रंथनाम, उदाहरणादाखल घेतलेला शब्द, परभाषेतील संज्ञा आणि जोर देण्याचा शब्द हे चारही घटक येतील. ते वाचकाला वेगळे ओळखू आले नाहीत, तर वाक्याचा अर्थच हलतो.

प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य लोटे येथे असल्याने काही उदाहरणे मुद्दाम याच परिसरातली घेतली आहेत. रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील, मुंबई-गोवा महामार्गावरचे हे गाव लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीमुळे रसायन-उद्योगासाठी ओळखले जाते. अक्षरांच्या अभ्यासकालाही या गावात पाहण्याजोगे बरेच आहे.

रोमन लिपीतील तिरके वळण

'इटालिक' या शब्दाचा मूळ अर्थ 'इटलीचे' एवढाच आहे. त्यात झुकण्याचा अर्थ नाही. पंधराव्या शतकात इटलीतील विद्वान आणि दरबारी लेखनिक भरभर लिहिण्यासाठी एक ओघवते वळण वापरत असत. लेखणी कमीत कमी उचलायची, एका अक्षराच्या शेवटातून दुसऱ्याची सुरुवात काढायची, अशी त्याची रीत. या घाईतून अक्षरे अरुंद झाली आणि थोडी उजवीकडे कलली. व्हेनिसचा प्रकाशक आल्डस मानुटियस याने या वळणाचे खिळे फ्रांचेस्को ग्रिफो या ठसे कोरणाऱ्या कारागिराकडून करवून घेतले आणि १५०१ मध्ये व्हर्जिल या लॅटिन कवीचा संग्रह त्यांत छापला. पुस्तक आकाराने लहान, हातात धरून वाचण्याजोगे होते. ते सबंध या वळणात होते, केवळ मोठी अक्षरे तेवढी उभी होती. जोर देण्यासाठी किंवा ग्रंथनाम वेगळे दाखवण्यासाठी हे अक्षर जन्मलेले नाही, हे येथे लक्षात घ्या. ते एक स्वतंत्र, स्वयंपूर्ण पुस्तकी वळण होते.

सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये चित्र पालटले. क्लोद गारामाँ यांच्या उभ्या अक्षरांचे आणि रोबेर ग्रांजाँ यांच्या तिरक्या अक्षरांचे संच नावाजले, आणि पुढे एकाच पानावर दोन्ही वळणे एकत्र नांदू लागली. उभे वळण मुख्य झाले, तिरके त्याचे साहाय्यक. प्रस्तावना, टीपा, परभाषेतील शब्द, ग्रंथनामे, नाटकातील रंगसूचना आणि वाक्यातील आघात ही कामे हळूहळू तिरक्या अक्षराकडे आली.

उत्तम तिरके अक्षर कशाने देखणे होते? प्रथम 'सेरिफ' म्हणजे काय ते पाहू. रोमन अक्षराच्या दंडाला टोकाशी जी लहानशी आडवी रेघ असते तिला सेरिफ म्हणतात. उभ्या वळणात ही रेघ पायथ्यासारखी सपाट बसते. तिरक्या वळणात ती तशी राहत नाही. लेखणी कागदावर टेकताना आणि उचलताना जी बारीक आकडी उमटते, तिचे रूप ती घेते. म्हणजे दगडावर कोरल्यासारखे टोक जाऊन हाताने लिहिल्यासारखे टोक येते. अक्षरांचे सांगाडेही बदलतात. रोमन वर्णमालेतील पहिल्या लहान अक्षराच्या डोक्यावर उभ्या वळणात छत्रीसारखी कमान असते. तिरक्यात ती नाहीशी होऊन केवळ एक गोल आणि दंड उरतो. 'एफ' या लहान अक्षराचा पाय उभ्यात ओळीवर थांबतो, तिरक्यात तो अनेकदा ओळीखाली उतरतो. तेव्हा झुकणे हे या वळणाचे लक्षण आहे खरे, पण ते दुय्यम लक्षण आहे. मुख्य लक्षण हाताचा वेग.

हा भेद किती महत्त्वाचा आहे याची परीक्षा एकदा झालेली आहे. १९२६ मध्ये स्टॅन्ली मॉरिसन या इंग्रज मुद्रणतज्ज्ञाने असे प्रतिपादन केले की तिरके अक्षर म्हणजे उभ्याचेच झुकवलेले रूप असावे. त्याचे वेगळे सांगाडे पानावर विनाकारण लक्ष वेधतात. युक्तिवाद तर्कशुद्ध होता. परंतु त्याच्याच देखरेखीखाली तयार होऊन १९३२ मध्ये 'टाइम्स' दैनिकात अवतरलेल्या प्रसिद्ध अक्षरसंचाचे तिरके रूप मात्र परंपरेला धरूनच राहिले. डोळ्याला केवळ झुकाव पुरत नाही. दुसऱ्या हाताचा भास लागतो.

मराठीचे दोन हात

आता आपल्याकडे वळू. 'मराठीत तिरक्या अक्षराची परंपरा नाही' असे विधान अनेकदा केले जाते. छापील अक्षरापुरते ते खरे आहे. लेखनापुरते मात्र ते खोटे आहे, कारण मराठीला शतकानुशतके दोन हात होते. एक बाळबोध, दुसरा मोडी.

बाळबोध म्हणजे देवनागरी : अक्षर सुटे, प्रत्येकाची बैठक निश्चित, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळणारे. पोथ्या, स्तोत्रे, काव्य यांसाठी ते वापरले जाई. मोडी ही कारभाराची, हिशोबाची आणि पत्रव्यवहाराची लिपी. तिच्या निर्मितीचे श्रेय परंपरा यादवांचा मंत्री हेमाद्री याला देते. ते बाजूला ठेवले तरी तिची रचना तिचा हेतू सांगते. लेखनिक आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे हात न उचलता टांगत जाई. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ नाहीत. सांगाडेही वेगळे : मोडीतले अक्षर पाहून बाळबोध जाणणाऱ्यास ते ओळखता येईलच असे नाही. वेगासाठी वाकवलेले, स्वतःचे सांगाडे असलेले हाताचे वळण, हे वर्णन इटलीतल्या त्या दरबारी वळणाला जितके लागू पडते तितकेच मोडीला पडते. कारणे तीच, प्रदेश दुसरा.

दोन्ही वळणे एका कागदावर येत, हा आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग आहे. मराठेशाहीतील एखादे राजपत्र पाहा. मजकूर मोडीत धावतो. राजमुद्रा मात्र देवनागरीत कोरलेली. शिवछत्रपतींची मुद्रा तर संस्कृत पद्यात आहे. धावत्या मजकुरात एकदम उभे, सुटे, ठाशीव अक्षर आले की वाचणाऱ्यास उमगते की येथे बोलणारा बदलला, लेखनिक थांबला आणि राजसत्ता बोलू लागली. इंग्रजी पानावर उभ्या मजकुरात तिरका शब्द जे काम करतो तेच येथे धावत्या मजकुरात उभा शब्द करतो. दिशा उलटी, तत्त्व एकच.

याचे उदाहरण लोट्यापासून फार दूर नाही. लोट्याहून चिपळूणकडे निघाले की परशुराम घाट लागतो आणि घाटात परशुरामाचे देवस्थान आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे ब्रह्मेंद्रस्वामी राहत होते. पुढे ते साताऱ्याजवळील धावडशी येथे गेले. छत्रपती शाहू, पहिले बाजीराव, आंग्रे अशा त्या काळातील कर्त्या माणसांशी त्यांचा विपुल पत्रव्यवहार होता. द. ब. पारसनीस यांनी तो स्वामींच्या चरित्राबरोबर छापून प्रसिद्ध केला. मराठी गद्याचा आणि कोकणच्या इतिहासाचा अभ्यासक या पत्रांकडे वारंवार वळतो.

मोडी पत्र बाळबोधात छापायचे म्हणजे संपादकाला अनेक निर्णय घ्यावे लागतात. सलग ओळ कोठे तोडायची, इकार ऱ्हस्व धरायचा की दीर्घ, पूर्णविराम कोठे द्यायचा. हे निर्णय अपरिहार्य आहेत आणि त्यांबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही. परंतु मूळ कागदावर जे दोन हातांनी लिहिलेले असते ते छापील पानावर एका हाताचे होऊन जाते. शिक्का, मजकूर आणि संपादकाने जुळवून घातलेला शब्द यांचा दर्शनी भेद पुसला जातो, आणि संपादकाने कंस किंवा टीप दिली तरच तो परत मिळतो. एखाद्या शब्दाच्या दीर्घ ईकारावरून अठराव्या शतकातील उच्चाराविषयी निष्कर्ष काढणारा विद्यार्थी पुष्कळदा विसाव्या शतकातील संपादकाचे शुद्धलेखन अभ्यासत असतो!

खिळ्यांच्या युगात काय घडले

मोडीचे खिळे कधी पाडलेच गेले नाहीत असे नाही. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या छापखान्याने ते पाडले होते आणि १८१० मधील त्यांचा मराठी कोश मोडी अक्षरांत निघाला. मुंबईत मात्र मुद्रण बाळबोधाच्या वाटेने गेले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम याने देवनागरीचे खिळे सुधारले. गणपत कृष्णाजींनी आधी शिळाछापावर आणि मग खिळ्यांवर पंचांगे व ग्रंथ छापले. आणि पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या ठशांनी देवनागरी मुद्राक्षराचा असा मानदंड उभा केला की संस्कृत ग्रंथांचे वाचक देशभर तो ओळखू लागले. बोरूच्या तिरप्या कापातून येणारा जाड-बारीकपणा, दंडाच्या टोकाची स्वच्छ कापणी, गोलाईतला भरदारपणा, हे सारे त्या अक्षरात आहे. देवनागरीला सेरिफ नाही. पण बोरूची ही कापणी म्हणजे त्याच जातीची खूण आहे. हाताचे हत्यार कोणते होते हे ती सांगते.

निर्णयसागरने किंवा इतर छापखान्यांनी या उभ्या अक्षराला तिरका जोडीदार का दिला नाही? उत्तर सौंदर्यात शोधू नये, खिळ्यांच्या पेटीत शोधावे. रोमन लिपीचा तिरका संच म्हणजे लहान-मोठी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि थोडी जोडाक्षरे. देवनागरीच्या एका संचाला अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काना-मात्रा-वेलांट्यांसह शेकडो खिळे लागत. जुळाऱ्याभोवती या घरांची भिंतच उभी असे. दुसरा संच म्हणजे दुसरी भिंत. शिवाय तिरके अक्षर खिळ्याच्या चौकोनी अंगात मावत नाही, त्याचे डोके शेजारच्या खिळ्यावर झुकते. देवनागरीत रफार, वेलांटी आणि अनुस्वार आधीच असे बाहेर डोकावत असतात आणि दाबाखाली मोडतात. त्यात आणखी झुकाव कोण आणील? या काळातील सुधारकांची सारी बुद्धी खिळे वाढवण्याकडे नव्हे, कमी करण्याकडे लागली होती. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या घटवण्याचा प्रयत्न केला. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी 'अ'च्या बाराखडीचा पुरस्कार केला, त्यामागेही हाच विचार होता.

इकडे १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारात बाळबोधाला मुख्य स्थान दिले आणि मोडी हळूहळू शाळेतून, मग घरातूनही गेली. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली, तोवर ती वाचू शकणारे थोडेच उरले होते. जोडीतला दुसरा हात असा सुटला. जी जागा रिकामी झाली तेथे संगणकाबरोबर आलेले तिरके अक्षर येऊन बसले.

यंत्राने झुकवलेले अक्षर

बहुतेक मराठी अक्षरसंचांत तिरके रूप वेगळे रेखाटलेले नसते. चिन्ह दाबले की यंत्र उभ्याच अक्षराला ठरावीक अंशांनी झुकवते. झुकवणे म्हणजे काय घडते ते नीट समजून घ्या. आडव्या रेघा आडव्याच राहतात. म्हणून शिरोरेखा जागची हलत नाही. उभे दंड उजवीकडे कलतात. जे फराटे आधीच उजवीकडे कललेले असतात ते अधिकच कलतात, आणि जे उलट दिशेने, म्हणजे वरून खाली उजवीकडे उतरत असतात, ते सरळ उभे राहू लागतात.

हा शेवटचा परिणाम देवनागरीला बाधतो. मात्रा वरच्या डाव्या अंगाकडून शिरोरेखेवर उतरते. 'र'चा पाय उजवीकडे खाली जातो. पायमोडक्या अक्षराची खूणही तशीच उतरती. यंत्राने झुकवल्यावर हे तिन्ही अवयव आपला उतार गमावून ताठ होतात. 'केर' हा शब्द लिहून झुकवून पाहा : दंड झुकला आहे आणि मात्रा उभी राहिली आहे, जणू दोन माणसे एकमेकांशी न बोलता एकाच बाकावर बसली आहेत. जाड-बारीकपणाही बिघडतो, कारण झुकवताना एका दिशेचे फराटे बारीक होतात आणि दुसऱ्या दिशेचे जाडावतात. बोरूने घातलेला हिशोब यंत्राला ठाऊक नसतो. शब्द संपतो तेथे आणखी एक अडचण : झुकलेली दीर्घ वेलांटी पुढच्या उभ्या कंसावर किंवा अवतरणचिन्हावर जाऊन आदळते.

यावर उपाय अर्थात रेखाटनकाराचा आहे. तिरके रूप स्वतंत्रपणे रेखाटायचे, मात्रेचा उतार राखायचा, गोलाई पुन्हा बसवायची. असे प्रयत्न झाले आहेत. हार्वर्ड विद्यापीठाच्या मूर्ती अभिजात ग्रंथमालेसाठी घडवलेल्या देवनागरी अक्षरातून पुढे 'टायरो देवनागरी मराठी' हा संच निघाला. तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो. त्यात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आहेत, ज्यांना महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयानेही प्रमाण मानले, आणि उभ्या रूपासोबत तिरके रूपही आहे. पुस्तकी मजकुरासाठी, विशेषतः काव्य आणि जुन्या ग्रंथांच्या आवृत्त्यांसाठी, हे अक्षर शोभते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संगणकावर दीर्घकाळ सर्वांच्या परिचयाचे असलेले र. कृ. जोशी यांचे 'मंगल' हे पडद्यावर वाचता यावे म्हणून केलेले साधे, सडपातळ अक्षर आहे. ते झुकवले तर फार बिघडत नाही, पण त्यात दुसऱ्या हाताचा भासही निर्माण होत नाही.

दुसरी एक वाट सुलेखनाची आहे. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून देवनागरी आणि मोडी यांच्या मिलाफातून 'मुक्तलिपी' साकारली. कमल शेडगे यांनी नाटकांच्या आणि नियतकालिकांच्या शीर्षकांतून प्रत्येक नावाला त्याचे वळण दिले. लग्नपत्रिकेत इंग्रजी मजकुराला जी नजाकत तिरक्या अक्षराने येते ती मराठी मजकुराला अशाच वळणदार वेलांट्यांनी येते, झुकावाने नव्हे. मराठीला खरा तिरका जोडीदार मिळायचा असेल तर तो मोडीकडे पाहूनच मिळेल, असे मानण्यास येथे आधार आहे. येथवर आलेल्या विद्यार्थ्याने ते मत तपासून पाहावे.

काम कोणते द्यावे?

आता मुख्य प्रश्न. इंग्रजीत तिरके अक्षर जी कामे करते ती सारी मराठीत त्याच्यावर सोपवावीत काय?

वाक्यातील आघातापासून सुरुवात करू. इंग्रजीत आघात आवाजाने दिला जातो आणि तो कागदावर उतरवण्यासाठी शब्द तिरका करावा लागतो. मराठीची गोष्ट वेगळी आहे. 'मी त्याला पत्र लिहिले' हे वाक्य घ्या. मीच त्याला पत्र लिहिले. मी त्यालाच पत्र लिहिले. मी त्याला पत्रच लिहिले. मी त्याला पत्र लिहिलेच. चार वाक्ये, चार अर्थ, आणि भार वाहणारे एकच शब्दयोगी अक्षर. पहिल्यात दुसऱ्या कोणी लिहिले नाही, दुसऱ्यात दुसऱ्या कोणाला लिहिले नाही, तिसऱ्यात निरोपावर भागवले नाही, चौथ्यात लिहीन म्हटले ते करून दाखवले. याखेरीज 'तर', 'ही', 'सुद्धा', 'देखील' आहेत, आणि शब्दक्रम बदलण्याची मोकळीक आहे : 'पत्र मी लिहिले त्याला.' ज्या भाषेने आघाताची सोय व्याकरणात करून ठेवली आहे तिला ती अक्षराच्या झुकावाकडून उसनी घ्यावी लागत नाही. इंग्रजी कादंबरीचे भाषांतर करताना मूळातला तिरका शब्द मराठीतही तिरका करून मोकळे होणारे भाषांतरकार आहेत. त्यांनी तो शब्द उभा ठेवून त्याला एक 'च' जोडावा. वाक्य मराठी होईल.

ग्रंथनामांसाठी मराठीत एकेरी अवतरणचिन्हांचा संकेत रूढ आहे आणि तो पुरेसा आहे. पण याच चिन्हांवर आपण आणखी कितीतरी ओझी लादली आहेत. शब्दाचा उल्लेख, शब्दाचा अर्थ, उपरोध, नवी संज्ञा, पात्राच्या मनातला विचार, सारे काही एकेरी अवतरणात! 'आंबा गोड आहे' या वाक्यात आपण फळाविषयी बोलतो. 'आंबा पुल्लिंगी आहे' या वाक्यात शब्दाविषयी. पहिल्यात शब्दाचा उपयोग आहे, दुसऱ्यात उल्लेख. भाषाविज्ञानाच्या लेखनात हा भेद पदोपदी लागतो, आणि शब्दाशेजारी त्याचा अर्थही द्यायचा असतो. दोन्ही एकेरी अवतरणात घातले तर शब्द कोणता आणि अर्थ कोणता हे वाचकाने ओळखायचे. येथे तिरके अक्षर कामाला येते : उल्लेखिलेला शब्द तिरका, अर्थ एकेरी अवतरणात. भाषाविज्ञानाच्या प्रकल्पात हा संकेत आपण निःसंकोच पाळावा. पहिल्या पृष्ठावर तो एका वाक्यात जाहीर करावा, एवढेच.

वनस्पतींची आणि प्राण्यांची शास्त्रीय नावे तिरक्या अक्षरात छापण्याची रीत जगभर पाळली जाते. हापूसविषयीच्या पुस्तिकेत मँजिफेरा इंडिका, काजूविषयीच्या पुस्तिकेत अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटाले अशी नावे देवनागरीत आली तर ती तिरकी असावीत. येथे संकेत बाहेरचा असला तरी त्याचे प्रयोजन आपल्याही कामाचे आहे : हा शब्द लॅटिन आहे, याला मराठी प्रत्यय लावू नका, असे ते बजावते. नाटकातील रंगसूचना कंसात देण्याची आपली पद्धत आहे. त्या तिरक्या केल्यास संवादापासून आणखी स्पष्ट वेगळ्या पडतात आणि तालमीत नटाच्या डोळ्यांना सोयीचे होते.

सर्वांत मोठा लाभ मात्र जुन्या कागदपत्रांच्या संपादनात आहे. मूळ मजकूर उभ्या अक्षरात, संपादकाने पुरवलेले अक्षर वा शब्द तिरक्या अक्षरात, आणि मुद्रा ठळक अक्षरात, असा संकेत ठरवला तर ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रासारख्या कागदावर कोण कोठे बोलतो हे पानावर पुन्हा दिसू लागेल. आपल्या हस्तलिखितांना अशा सोयी अपरिचित नव्हत्या. पोथीतील अध्यायसमाप्ती आणि 'उवाच' ही पदे लाल रंगाने उठवलेली असत, आणि चुकलेल्या मजकुरावर पिवळी हरताळ फासली जाई. तो वाक्प्रचार आपण आजही वापरतो, हस्तलिखित विसरून.

तिरक्या अक्षरात काय लिहू नये, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. सलग दोन परिच्छेद लिहू नयेत, डोळा शिणतो. लहान आकारातील तळटीप लिहू नये. अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात. आणि धोक्याची सूचना कधीही लिहू नये. लोटे औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या टँकरवर, गोदामांच्या दारांवर, कामाच्या जागी लावलेल्या सूचना कामगाराने चालता चालता, दुरून, कधी पावसाच्या धारांतून वाचायच्या असतात. तेथे अक्षर उभे, ठळक आणि मोकळे असले पाहिजे. झुकलेल्या अक्षराला दुकानाच्या पाटीवर वेगाचा किंवा नाजूकपणाचा आव आणता येतो. आम्लाच्या पिंपावर त्या आवाचा उपयोग नाही.

पाट्यांचा विषय निघाला म्हणून एक मुद्दा. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या सुधारणेने देवनागरी लिपीतील मराठी नाव इतर लिपीतील नावापेक्षा लहान असू नये असे ठरवले. कायदा अक्षराचा आकार मोजतो. त्याचे वळण मोजू शकत नाही. त्यामुळे इंग्रजी नाव निगुतीने निवडलेल्या तिरक्या सेरिफ अक्षरात आणि मराठी नाव त्याच अंशांनी यंत्राने कललेले, अशी जोडी महामार्गावर दिसू शकते. मापाने दोन्ही समान असतात. एकावर कोणीतरी विचार केलेला असतो, दुसरे नियमापुरते असते.

स्वाध्याय

आपल्या गावातील किंवा कामाच्या ठिकाणच्या रस्त्यावरील दहा पाट्यांची नोंद करा. प्रत्येक पाटीवर मराठी अक्षर उभे आहे की तिरके, तिरके असल्यास मात्रेचा उतार राखला आहे की मात्रा ताठ झाली आहे, आणि शेजारी रोमन अक्षर असल्यास त्याचे सांगाडे बदललेले आहेत की ते नुसते झुकवलेले आहे, हे लिहा. नोंदीबरोबर छायाचित्रापेक्षा हाताने काढलेले रेखाटन जोडलेत तर अधिक चांगले. काढताना जे दिसते ते टिपताना निसटते. त्यानंतर आपल्या घरी किंवा जवळच्या ग्रंथालयात मोडी कागदाची प्रतिकृती मिळते का ते पाहा, आणि तिच्यात बाळबोध अक्षर कोठे कोठे आले आहे ते पेन्सिलीने प्रतिकृतीवरच दाखवा.